प्रक्षेप आणि अंतर्वेशन : पीटर फोल्डेस यांचा ‘हंगर’ आणि कीफ्रेमचे संपादन

पीटर फोल्डेस या बुडापेस्ट येथे जन्मलेल्या चित्रकाराचा ‘हंगर’ हा सुमारे अकरा मिनिटांचा ॲनिमेशनपट कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने निर्माण केला आणि १९७४ साली कान येथील महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचा पुरस्कार लाभला. ऑस्करसाठीही त्याचे नामांकन झाले. संगणकाच्या साहाय्याने काढलेल्या आरंभीच्या आकृतिप्रधान चित्रपटांत त्याची गणना होते. गणना होते एवढेच. वाचन मात्र फारसे होत नाही. तंत्राचा इतिहास लिहिणारे त्याला प्रथमत्वाचा मान देऊन पुढे जातात, तर चित्रपटाचे रसिक त्यातील वितळत्या, एकातून दुसऱ्यात सरकणाऱ्या रेषांना यंत्राच्या बाल्यावस्थेचे लक्षण समजून क्षमा करतात. मान आणि क्षमा या दोन्ही गोष्टी समीक्षेची जागा घेऊ शकत नाहीत. या चित्रपटासंबंधी विचारावयाचा खरा प्रश्न असा आहे की, पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांपैकी बहुतेक चित्रे कलावंताने काढलेलीच नाहीत. मग ती कोणाची समजावयाची?

सेकंदाला चोवीस या हिशेबाने अकरा मिनिटांत पंधरा हजारांहून अधिक चौकटी पडद्यावरून जातात. त्यांपैकी फोल्डेस यांनी स्वतः रेखाटल्या त्या मोजक्या. कलावंताने स्वतः निश्चित केलेल्या अशा चौकटीस कीफ्रेम म्हणतात. दोन कीफ्रेमांमधील चित्रे संगणकाने गणिताने भरून काढली. या भरण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘इंटरपोलेशन’ ही संज्ञा आहे, आणि येथे मराठी वाचकाला एक सोय आहे जी इंग्रजी वाचकाला नाही. इंग्रजीत हा एकच शब्द गणितातही चालतो आणि पाठचिकित्सेतही चालतो. मराठीत मात्र गणितातील क्रियेस अंतर्वेशन म्हणतात व ग्रंथात मागाहून घुसडलेल्या मजकुरास प्रक्षेप म्हणतात. अंतर्वेशन निर्दोष, प्रक्षेप सदोष. महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पूर्ण केली, तिच्यात प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मूळ संहितेतून काढून तळाशी वा परिशिष्टात ठेवले आहेत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तीही याच दृष्टीने. ‘हंगर’ची समीक्षा करणारे बहुसंख्य लोक नकळत हीच भूमिका घेतात: कीफ्रेम ती फोल्डेस यांची संहिता, आणि मधला भाग तो यंत्राचा प्रक्षेप. ही भूमिका कितपत टिकते ते पाहावयाचे आहे.

श्रमविभागणी संगणकाने निर्माण केलेली नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. डिस्नेच्या चित्रशाळेत प्रमुख चित्रकार हालचालीतील निर्णायक अवस्था काढी आणि मधली चित्रे भरण्यासाठी ‘इनबिट्वीनर’ नावाचा कनिष्ठ कारागीर असे. हीच शिस्त मुंबईतही आली. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकविण्यास आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर होती. ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक यांनी १९६९ साली एका परिषदेत डिस्नेच्या कारागिराकडून या पद्धतीचे वर्णन ऐकले आणि कनिष्ठ कारागिराचे काम संगणकाकडे द्यावे असे त्यांच्या मनात आले. मार्सेली वाइन या सहकाऱ्यासह त्यांनी जी व्यवस्था उभी केली तिचे वर्णन १९७१ साली प्रसिद्ध झाले. चित्रपट मंडळातील रेने जोदवाँ यांनी फोल्डेस यांना या व्यवस्थेशी जोडून दिले. ‘मेटाडेटा’ हा प्रायोगिक लघुपट प्रथम झाला व नंतर ‘हंगर’. बर्टनिक व वाइन यांना १९९७ साली अमेरिकेतील चित्रपट अकादमीने तांत्रिक कामगिरीबद्दल गौरविले.

परंतु कनिष्ठ कारागीर आणि यंत्र यांत एक भेद आहे व तो केवळ वेगाचा नाही. माणसाला हात हा हात आहे हे ठाऊक असते. पहिल्या चित्रातील हात व दुसऱ्या चित्रातील हात यांची सांगड त्याला कोणी घालून द्यावी लागत नाही. संगणकाला मात्र रेषांखेरीज काही दिसत नाही. पहिल्या चित्रातील कोणती रेषा दुसऱ्यातील कोणत्या रेषेच्या जागी यावयाची हे ठरविण्यास त्याला नियम हवा, आणि बर्टनिक-वाइन व्यवस्थेतील नियम अगदी साधा होता: ज्या क्रमाने रेषा काढल्या त्या क्रमाने त्या जोडल्या जात. पहिल्या चित्रातील तिसरी रेषा भुवईची असेल आणि दुसऱ्यातील तिसरी रेषा काट्याच्या दांड्याची असेल, तर भुवईचा दांडा होईल.

संस्कृत व्याकरण शिकलेल्यास हा प्रश्न नवा वाटणार नाही. स्थानी व आदेश यांची जोडी कशी लावावयाची याचे दोन मार्ग पाणिनीने सांगितले आहेत. एक सान्निध्याचा: अनेक आदेश संभवत असतील तेव्हा स्थानीला जो सर्वांत जवळचा तो घ्यावयाचा. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते, त्यात इकाराच्या जागी यकार येतो, कारण दोन्ही तालव्य. दुसरा यथासंख्य: स्थानी व आदेश यांच्या याद्या समसंख्य असतील तर पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. ‘ने’ आणि ‘अन’ यांचे ‘नयन’ होते व ‘पो’ आणि ‘अन’ यांचे ‘पवन’ होते, तेथे ए, ओ, ऐ, औ यांच्या जागी अय्, अव्, आय्, आव् हे क्रमाने येतात असे टीकाकार सांगतात. पहिला मार्ग वस्तूच्या स्वरूपाकडे पाहतो, दुसरा केवळ तिच्या क्रमांकाकडे. डिस्नेचा कनिष्ठ कारागीर पहिल्या मार्गाने जात होता. ओटावाचा संगणक दुसऱ्या.

ही तुलना केवळ चमत्कृतीसाठी केलेली नाही. यथासंख्याने चालणाऱ्या यंत्रापुढे बसलेल्या चित्रकाराला रेषेचा आकार जसा ठरवावा लागतो तसा तिचा क्रमांकही ठरवावा लागतो. म्हणजे भुवईचा दांडा व्हावा की ओठांचा, हा निर्णय कीफ्रेम काढतानाच घेतला जातो. मधले चित्र यंत्राने काढले असले तरी त्यातील कोणती वस्तू कोणत्या वस्तूकडे निघाली आहे हे चित्रकाराने आधीच सांगून ठेवलेले असते. ‘हंगर’मध्ये माणूस, त्याचे अन्न आणि त्याच्या वासनेचे इतर विषय एकमेकांत रूपांतरित होतात. तेथे रूपांतराची वाट हा यंत्राचा प्रक्षेप नव्हे. तो रचनेचा भाग होय.

मग यंत्राचे म्हणून काय उरते? उरते ती सरळ रेषा. प्रत्येक बिंदू आपल्या पहिल्या स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे सरळ मार्गाने जातो. वेग कमी-अधिक करता आला तरी वाट सरळच राहते. याचा परिणाम भूमितीने नेमका सांगता येतो. खांद्याशी स्थिर असलेला ताठ हात एका कीफ्रेममध्ये खाली आहे व पुढच्या कीफ्रेममध्ये नव्वद अंशांतून वर आला आहे असे समजा. खऱ्या हाताचे टोक वर्तुळाच्या कंसावरून जाईल. संगणकाने काढलेल्या हाताचे टोक त्या कंसाच्या जीवेवरून जाते, आणि म्हणून अर्ध्या वाटेवर हाताची लांबी मूळच्या सुमारे एकाहत्तर शतांश भरते. फिरणे एकशेवीस अंशांचे असेल तर हात निम्मा होतो. एकशेऐंशी अंशांचे असेल तर अर्ध्या वाटेवर हात नाहीसाच होतो, आणि मग पुन्हा उगवतो. ‘हंगर’मधील शरीरे आक्रसतात, वितळतात व पुन्हा फुगतात, त्याचे कारण हे आहे. बर्टनिक व वाइन यांना हा दोष वाटत होता. १९७६ साली त्यांनी आकृतीच्या आत सांगाडा कल्पून तो हलविण्याची सुधारलेली पद्धत प्रसिद्ध केली.

अभियंत्याच्या दृष्टीने तो दोषच होता. चित्रपटाच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा ‘हंगर’च्या बाहेर, फोल्डेस यांच्याच पूर्वीच्या कृतीत आहे. १९५६ साली जोन फोल्डेस यांच्यासह त्यांनी इंग्लंडमध्ये ‘अ शॉर्ट व्हिजन’ हा लघुपट केला होता. अणुसंहाराचे ते दुःस्वप्न आहे. आकाशातून एक वस्तू येते, आणि पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरील त्वचा वितळून खालची हाडे उघडी पडतात. संगणकाचा त्यात काडीमात्र संबंध नाही. देहाची सीमारेषा स्थिर नसते, ती कोणत्याही क्षणी पातळ होऊन वाहू लागेल, ही भीती फोल्डेस यांची स्वतःची होती; यंत्र मिळण्याच्या एका तपाहून अधिक काळ आधीची होती. ओटावाच्या यंत्राने त्यांना ही भीती दिली नाही, तिला व्याकरण दिले. कीफ्रेम ही संहिता व मधला भाग हा प्रक्षेप असे मानणाऱ्यांनी या क्रमाचा विचार केलेला दिसत नाही.

एवढे मान्य केल्यावर चित्रपटाची उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण समर्थनाच्या भरात ती झाकली जाण्याचा संभव आहे. ‘हंगर’चे कथानक सरळ आहे. एक माणूस खातो. आधी बेताने, मग अधाशीपणाने. त्याचे शरीर फुगत जाते. शेवटी उपाशी माणसांचे जग त्याच्यावर कोसळते व तोच भक्ष्य होतो. आता खादाडाच्या ठिकाणी देह आणि अन्न यांची सीमा पुसली जाणे अर्थपूर्ण आहे. पण तीच पुसट सीमा स्थळ बदलताना, एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना, म्हणजे जेथे केवळ संक्रमण हवे तेथेही वापरली आहे. सर्वच गोष्टी सर्वच गोष्टींत वितळू लागल्या की वितळण्याला अर्थ राहत नाही. जी भाषा प्रत्येक पदाला संधी करील तिच्यात संधीने काहीच सूचित होणार नाही. शेवटी उपाशी माणसे त्या लठ्ठ देहाला घेरतात तेव्हा प्रेक्षकाने काहीतरी नवे, रूपांतराहून भयंकर असे पाहावयास हवे. तेथे खरे तर चावा हवा, तुटणे हवे. अंतर्वेशनाला तुटणे ठाऊक नाही. ते दोन अवस्थांच्या मध्ये नेहमी तिसरी शोधून काढते, आणि हिंसेच्या क्षणी तिसरी अवस्था नसते. हा दोष मात्र पूर्णतः यंत्राचा नव्हे. एकच चित्र पुरेसे काळ स्थिर ठेवून पुढच्या चौकटीत दुसरे आणणे फोल्डेस यांना अशक्य नव्हते.

यानंतरच्या काळात कीफ्रेमचे संपादन या शब्दाचा अर्थच बदलला. सरळ रेषेच्या जागी वक्र आला. कॅनडाच्या त्याच चित्रपट मंडळातील डोरिस कोखानेक यांनी रिचर्ड बार्टेल्स यांच्यासह १९८४ साली वक्रांवर नियंत्रण ठेवण्याची जी रीत मांडली, तीत प्रत्येक कीफ्रेमला ताण, सातत्य आणि कल अशी तीन मूल्ये दिली जातात. ताण वाढविला की वळण आवळले जाते. सातत्य मोडले की वाट त्या ठिकाणी कोनासारखी तुटते. कल बदलला की हालचाल कीफ्रेमच्या अलीकडे किंवा पलीकडे अधिक झुकते. तिन्ही मूल्ये शून्य ठेवली तर कॅटमुल व रोम यांच्या नावाने ओळखला जाणारा वक्र मिळतो. चित्रपट मंडळाच्या अनुभवातून ही रीत निघाली हे महत्त्वाचे, कारण तीत एक गोष्ट ओळखलेली आहे: तुटणे हाही चित्रकाराचा हक्क आहे. ‘हंगर’च्या शेवटाला ज्याची गरज होती ते येथे एका आकड्यात उपलब्ध झाले. फोल्डेस १९७७ साली वारले होते.

आज ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये संपादक चित्रापुढे बसत नाही, आलेखापुढे बसतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर मूल्य. सांध्याच्या प्रत्येक वळणाचा वेगळा वक्र. प्रत्येक कीफ्रेमला दोन दांड्या, ज्या ओढल्या असता वक्राचा उतार बदलतो. या आलेखात एक सापळा आहे. जमिनीवर टेकलेल्या पावलाची उंची तीन कीफ्रेमांत शून्य ठेवली आणि चौथीत दहा केली, म्हणजे ०, ०, ०, १०, तर कीफ्रेमांमधील अंतरे समान असताना कॅटमुल-रोम वक्र दुसऱ्या व तिसऱ्या कीफ्रेमच्या बरोबर मध्ये –०.६२५ हे मूल्य देतो. पाऊल जमिनीत शिरते. कोणीही तसे सांगितलेले नसते. चौथ्या कीफ्रेममधील उडीने मागे जाऊन स्थिर उभ्या पावलाला बिघडविलेले असते. सरळ रेषेच्या पद्धतीत एक कीफ्रेम हलविली तर शेजारचे दोनच टप्पे बदलत. येथे प्रत्येक बाजूचे दोन असे चार बदलतात. ज्याला खऱ्या अर्थाने प्रक्षेप म्हणावे तो हा. विचित्र गोष्ट अशी की, सरळ रेषेचा उघडा दोष ज्यांना खटकला त्यांना हा झाकलेला दोष खटकत नाही, कारण वक्राची हालचाल गुळगुळीत असते आणि गुळगुळीतपणा हा नैसर्गिकपणा म्हणून खपतो.

जॉन लॅसेटर यांनी १९८७ साली डिस्नेच्या परंपरेतील तत्त्वे त्रिमितीय संगणकचित्रांना कशी लागू करावीत हे सांगणारा निबंध लिहिला. ‘लक्सो ज्युनिअर’ या १९८६ सालच्या लघुपटाचा आधार त्याला होता. या निबंधाचा प्रभाव फार मोठा आहे व तो योग्यच आहे. हाताने काढलेल्या चित्रात संपूर्ण देहाची अवस्था एकदम निश्चित होते, संगणकावर मात्र देहाचे भाग थराथराने हलविले जातात, हे त्यात स्पष्टपणे ओळखले आहे. तथापि त्या निबंधाच्या वाचनातून अध्यापनात रूढ झालेली समजूत, की कीफ्रेम म्हणजे भाव व मधला भाग म्हणजे प्रवाह, एकांगी आहे. व्यवहारात चित्रकार आधी सर्व कीफ्रेम पायऱ्यांसारख्या ठेवतो, म्हणजे मध्ये काहीच भरत नाही; एक अवस्था टिकते व पुढच्या कीफ्रेमला एकदम दुसरी येते. या टप्प्यावर अभिनय ठसठशीत असतो. मग पायऱ्यांचे वक्र केले जातात, आणि पुष्कळदा पात्र पाण्यात तरंगल्यासारखे दिसू लागते. कीफ्रेम त्याच आहेत, भाव मात्र गेला. भाव कीफ्रेमांत होता ही समजूत याच ठिकाणी खोटी ठरते. तो कीफ्रेम व तिच्यापुढची रिकामी जागा यांच्या संबंधात होता. वर्णांची यादी म्हणजे उच्चार नव्हे, हे ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. आघात, विराम आणि वेग यांवाचून तीच अक्षरे विधान, प्रश्न वा उपहास यांपैकी काहीही होऊ शकतात.

२०१८ सालच्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने हा संबंध जाणीवपूर्वक हाताळला. नवशिका माइल्स बऱ्याच ठिकाणी दोन-दोन चौकटींवर हलतो, म्हणजे सेकंदाला बाराच अवस्था. त्याच दृश्यातील सरावलेला पीटर पार्कर प्रत्येक चौकटीवर, म्हणजे चोवीस. यंत्राने सहज भरले असते ते मधले चित्र नाकारले आहे, व त्या नाकारण्यातूनच माइल्सची अडखळ कळते. छापील कॉमिकची शैली म्हणून या चित्रपटाची वाखाणणी झाली. ती शैली आहेच. पण दोन पात्रांना दोन लयी देणे ही शैलीची बाब नाही, अर्थाची आहे. ‘हंगर’ने भरण्यातून अर्थ निर्माण केला, याने न भरण्यातून. मधल्या चित्राला प्रक्षेप समजणाऱ्या समीक्षकाच्या पदरी या दोहोंपैकी एकही पडत नाही.

राहिला प्रश्न साधनांचा. ॲनिमेशनच्या समीक्षकापुढे सामान्यतः केवळ तयार चित्रपट असतो. कीफ्रेम असलेली मूळ फाइल निर्मात्याकडेच राहते. शिवाय पुष्कळदा हालचाल अखेरीस ‘बेक’ केली जाते, म्हणजे प्रत्येक चौकटीला एक कीफ्रेम देऊन टाकतात. अभिनेत्याच्या देहावरून टिपलेली हालचाल तर तशीच येते. मग चित्रकाराने ठरविलेली चौकट कोणती व भरलेली कोणती हे फाइलवरूनही सांगता येत नाही. वक्रांनी जोडलेल्या चित्रपटात पडद्यावरूनही ते सांगणे कठीण, कारण चांगला वक्र कीफ्रेमवरून जाताना खूण ठेवत नाही. ‘हंगर’ची गोष्ट वेगळी आहे. त्यातील प्रत्येक बिंदू सरळ जातो आणि कीफ्रेमशी पोचताच दिशा बदलतो. चित्रपट एकेक चौकट पुढे सरकवीत एखाद्या रेषेच्या टोकाचा मार्ग कागदावर उतरविला, तर जेथे जेथे कोन पडतो तेथे तेथे फोल्डेस यांचा हात आहे. चित्रपट मंडळाच्या संग्रहातून हा चित्रपट आज पाहावयास मिळतो, आणि अशी यादी करण्यास पेन्सिल व पट्टी यांपलीकडे काही लागत नाही. कोणत्या क्षणांना फोल्डेस यांनी कीफ्रेम दिली व कोणत्या क्षणांना दिली नाही, विशेषतः शेवटच्या दृश्यात ती दाट आहेत की विरळ, हे त्या यादीवरून ठरेल. वर त्या दृश्याविषयी दिलेला निर्णयही तिच्यावर तपासून घेता येईल.